म्हातारपणी लिव्हरच्या कॅन्सरचे ऑपरेशन : बीड जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

सत्तरी ओलांडलेल्या अब्बांच्या किंवा दादीच्या सोनोग्राफीत "लिव्हरमध्ये गाठ" असे लिहून आले की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "या वयात चिरफाड नको, जेवढे दिवस आहेत तेवढे आरामात जाऊ द्या." दुसरा म्हणतो, "जमीन विकू पण मुंबईला नेऊ." दोघांच्याही बोलण्यात माया असते. पण निर्णय ज्या गोष्टींवर घ्यायला हवा, त्या दोघांनाही कोणी नीट सांगितलेल्या नसतात. त्या गोष्टी एका ठिकाणी मिळाव्यात म्हणून हा लेख. आजार नेमका काय असतो, वयाचा प्रश्न किती खरा आहे, ऑपरेशन कोणाला झेपते, कोणाला झेपत नाही आणि आपल्या जिल्ह्यातून जायचे कुठे, हे यात आहे.

आधी आपल्या भागातील एक आकडा. देशातील कॅन्सर नोंदणी केंद्रांचा जो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २८ केंद्रांची तुलना होती. पुरुषांमध्ये कॅन्सरचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीड केंद्रात आढळले : वयानुसार जुळवणी करून लाखात ३९.५. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये हाच आकडा २६९.४ होता. स्त्रियांमध्येही सर्वांत खाली आपलाच भाग, ४९.४. हे वाचून बरे वाटते आणि वाटायलाही हवे. पण लिव्हरच्या बाबतीत या आकड्याच्या भरवशावर बसू नये, असे माझे मत आहे. पोटात पाणी झाले, डोळे पिवळे झाले, महिनाभरात माणूस गेला आणि "काविळीने गेले" म्हणून दफन झाले, अशा मृत्यूत सीटी स्कॅनच झालेला नसतो. तपासणी नाही तर नोंद कुठून येणार? जगाकडे पाहिले तर २०२२ या एका वर्षात लिव्हरच्या कॅन्सरचे साधारण ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण सापडले आणि साडेसात लाखांहून अधिक मृत्यू झाले. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे इतके जवळ आहेत, यावरूनच कळते की हा आजार बहुतेक वेळा उशिरा सापडतो.

गाठ म्हणजे प्रत्येक वेळी लिव्हरचा कॅन्सर नव्हे

लिव्हर म्हणजे यकृत, आपण घरात ज्याला जिगर किंवा कलेजी म्हणतो ते. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, जागा उजव्या बरगड्यांखाली. त्यात दिसणारी गाठ अनेक प्रकारची असू शकते. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ असतो, त्याला काहीच करावे लागत नाही. पू झालेला असतो, तो सुईने काढून औषधाने बरा होतो. शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासात राहणाऱ्यांमध्ये जंताची पाण्याची गाठ असते, तिचे उपचार वेगळे. आणि कॅन्सर असला तरी तो दोन तऱ्हांचा असतो. एक, लिव्हरमध्येच सुरू झालेला. दुसरा, आतडे, जठर, स्वादुपिंड किंवा स्तन अशा दुसऱ्या अवयवातून लिव्हरमध्ये पसरलेला. या दोन्हींचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. मोठ्या आतड्यातून पसरलेल्या मोजक्या गाठी काढून पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. जठरातून किंवा स्वादुपिंडातून पसरलेल्या गाठींमध्ये मात्र लिव्हर कापून बहुधा काही हाती लागत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा : हा कॅन्सर लिव्हरचाच आहे की बाहेरून आलेला?

या लेखात पुढे जे आहे ते मुख्यतः लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल आहे.

तो ओळखायची युक्ती मोठी सुंदर आहे. लिव्हरला रक्त दोन बाजूंनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढते. म्हणून शिरेत रंगद्रव्य सोडून ठरावीक सेकंदांच्या अंतराने फोटो काढले, की गाठ आधी चमकते आणि नंतर भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. याला ट्रायफेजिक सीटी म्हणतात. लिव्हर आधीच आकसलेले (सिरोसिस) असेल आणि सीटीवर हे चित्र स्पष्ट असेल, तर तुकडा काढून तपासायची बहुधा गरज राहत नाही. सुई घालून बायोप्सी केली तर रक्तस्राव होण्याचा आणि सुईच्या वाटेने कॅन्सर पसरण्याचा थोडा धोका असतो. म्हणून सोनोग्राफी झाल्या झाल्या कोणी "लगेच तुकडा काढू" म्हणाले, तर आधी लिव्हरच्या सर्जनचे मत घ्या. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक काळजी : रंगद्रव्याचा भार किडनीवर पडतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी आधी हवी आणि शुगरची कोणती गोळी चालू आहे हेही सांगायला हवे. एएफपी नावाची रक्ततपासणी मदत करते, पण ती नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही असा अर्थ काढू नये.

दारूला हात न लावणाऱ्याला कसा होतो?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. "अब्बांनी आयुष्यात कधी शिवली नाही, मग लिव्हर कसे खराब झाले?" लोक कुजबुजतात, आणि त्या लाजेपोटी काही घरे आजार लपवतात. लाजायचे काही कारण नाही. दारू हे अनेक कारणांपैकी एक आहे, बाकीची कारणे दारूशिवायची आहेत.

सर्वांत मोठी कारणे म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू. बी विषाणूचा शोध लावणारे बरूच ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले, सी विषाणूच्या शोधाबद्दल २०२० मध्ये तिघांना मिळाले. हे विषाणू रक्तातून जातात : आईकडून बाळाला, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, तपासणी न झालेल्या रक्तातून. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या 'कुली' चित्रपटाच्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला आणि कळेपर्यंत लिव्हरचा सुमारे ७५ टक्के भाग खराब झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला वीसेक वर्षे पत्ता लागला नाही, तर धारूर किंवा पाटोद्याच्या शेतकऱ्याला कसा लागणार? गुजरातच्या मोडासा भागात २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ची साथ पसरली आणि कितीतरी माणसे दगावली. आपल्याकडेही "एक सुई मारा डॉक्टरसाब" ही सवय कमी झालेली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. खतना, हिजामा, कान टोचणे, न्हाव्याकडची दाढी, या सगळ्यांत धारदार वस्तू रक्ताला लागते. प्रत्येक वेळी नवे पाते आणि निर्जंतुक साहित्य एवढी एकच अट आहे. खतना दवाखान्यात करून घेणे उत्तम. हिजामा करणाऱ्याला नवे पाते आपल्यासमोर फोडायला सांगण्यात कसलाही अपमान नाही.

तिसरे कारण आता वेगाने वाढते आहे : शुगर, वाढलेले पोट आणि चरबीयुक्त लिव्हर. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" आले की लोक हसून सोडून देतात. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही हे खरे. पण वीस वर्षे शुगर असलेल्यांपैकी काहींचे लिव्हर हळूहळू कडक होत जाते आणि त्यातून कॅन्सर निघतो. चौथे कारण शेतातले आहे. ओल लागून बुरशी आलेल्या भुईमुगात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते लिव्हरच्या कॅन्सरला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेले आहे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात असा मका खाऊन शंभरावर लोक लिव्हर बिघडून मेले होते. काळपट, कडू शेंगदाणे चटणीत "खपवायचे" ही काटकसर महागात पडते. ते फेकून द्यावेत. जनावरांनाही घालू नयेत, कारण ते विष दुधात उतरते.

वयाचा प्रश्न : किती खरा, किती मानलेला

आता मूळ मुद्दा. "७५ वर्षांच्या माणसाचे लिव्हर कापता येते का?" येते. नुसत्या वयाच्या आकड्यावर ऑपरेशन नाकारायचे दिवस गेले. जपानमध्ये या आजाराचे बरेच रुग्ण वृद्धच असतात. तिथल्या सर्जन मंडळींनी सत्तरी-ऐंशीतल्या निवडक रुग्णांची ऑपरेशने वर्षानुवर्षे केली आणि नीट निवड केली तर कॅन्सरच्या बाबतीत निकाल तरुणांच्या जवळपास येतात असे दाखवून दिले. यातला "निवडक" हा शब्द महत्त्वाचा आहे. वृद्धांमध्ये हृदयाचे, फुप्फुसांचे आणि गोंधळून जाण्याचे त्रास जास्त होतात, आणि कापलेले लिव्हर परत वाढायलाही वेळ लागतो.

सर्जन तीन गोष्टी तोलतो. गाठ कशी आहे, उरणारे लिव्हर कसे आहे, आणि माणूस कसा आहे.

गाठीचे गणित त्यातल्या त्यात सोपे. एकच गाठ, लिव्हरबाहेर काही नाही, मोठ्या शिरेत कॅन्सर शिरलेला नाही, तर ऑपरेशनचा विचार होतो. गाठ मोठी असली म्हणजे लगेच नाही म्हणतात असेही नाही. ती कुठे बसली आहे, त्यावर जास्त अवलंबून असते. फ्रेंच सर्जन क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये लिव्हरचे आठ भाग पाडून दाखवले, प्रत्येकाचा रक्तपुरवठा वेगळा. म्हणून आज संपूर्ण अर्धे लिव्हर न काढता एखाद-दुसरा भागच काढता येतो. कडेच्या भागातली गाठ दुर्बिणीनेही निघते. वृद्धांना त्याचा फायदा होतो : जखम लहान, दुखणे कमी, खोकायला आणि चालायला लवकर जमते.

खरी अडचण उरणाऱ्या लिव्हरची. लिव्हर कापले तरी वाढते हे आपण ऐकलेले असते आणि ते खरेही आहे. निरोगी लिव्हरचा पाव ते तीसेक टक्के भाग राहिला तरी काम चालते आणि काही आठवड्यांत तो वाढू लागतो. पण हा नियम निरोगी लिव्हरचा. सिरोसिसने कडक झालेल्या लिव्हरचा किमान ४० टक्के भाग ठेवावा लागतो. तोही पुरेल याची खात्री नसते, कारण ते लिव्हर नीट वाढत नाही. म्हणून ऑपरेशनआधी सीटीवरून उरणाऱ्या भागाचे माप काढतात. तो कमी पडत असेल, तर आजारी बाजूची पोर्टल शीर आतून बंद करतात. मग चार-सहा आठवड्यांत चांगली बाजू फुगते आणि त्यानंतर ऑपरेशन होते. थांबायला सांगितले म्हणजे डॉक्टर टाळताहेत, असा अर्थ प्रत्येक वेळी काढू नये.

सिरोसिस किती पुढे गेला आहे हे ठरवायला चाइल्ड-प्यू नावाची मोजणी आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि शुद्धीतला गोंधळ, या पाच गोष्टींवरून ए, बी किंवा सी ठरते. मोठे ऑपरेशन साधारण ए गटाला झेपते. बी मध्ये फार निवडून आणि छोटे. सी मध्ये लिव्हर कापणे म्हणजे रुग्णाला ऑपरेशननेच मारणे. शिवाय प्लेटलेट एक लाखाच्या खाली, प्लीहा वाढलेली, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, असे असेल तर लिव्हरमधला दाब वाढलेला आहे आणि धोका चढतो. फाईलमधले हे पाच आकडे एका कागदावर लिहून ठेवा. दुसरे मत घ्यायला जाल तेव्हा निम्मे काम होईल.

तिसरी गोष्ट, माणूस. इथे वय बाजूला ठेवून त्याचे रोजचे जगणे पाहायचे असते. दादा मशिदीपर्यंत स्वतः चालत जातात का? एक जिना न थांबता चढतात का? सहा महिन्यांत कपडे सैल झाले का? वर्षात किती वेळा पडले? औषधे स्वतः आठवणीने घेतात का? रोज शेतावर जाणारा ७८ वर्षांचा माणूस आणि खाटेवरून न उठणारा, दम्याचा ६४ वर्षांचा माणूस, यांत ऑपरेशनला पहिला बरा. टू-डी इको, फुप्फुसांची तपासणी, किडनी, शुगर हे सगळे होतेच. पण माझ्या मते बीडहून गेलेल्या कुटुंबाने ओपीडीत सर्वांत आधी हे रोजचे जगणे सांगावे. डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटे पाहतो, तुम्ही वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

ऑपरेशनपूर्वीचे तीन-चार आठवडे

तपासण्या आणि मंजुरीत हा वेळ जातोच. तो वाया घालवू नये. बिडी, तंबाखू, आणि हो, दादीची मिश्रीसुद्धा, पहिल्या दिवसापासून बंद. रोज चालणे. तीन गोळ्यांचे श्वासाचे खेळण्यासारखे यंत्र मिळते, ते दिवसातून अनेकदा ओढणे. त्याने ऑपरेशननंतरचा न्यूमोनिया टळायला मदत होते. खाण्यात अंडी, डाळी, दूध, दही, मासे, चिकन वाढवावे. "लिव्हरचा पेशंट आहे, फक्त मऊ भात आणि उकडलेली भाजी द्या" हा सल्ला गावोगाव चालतो आणि त्याने नुकसान होते. सिरोसिसच्या रुग्णाचे स्नायू आधीच झिजत असतात, त्याला प्रथिने जास्तच लागतात. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला देणेही फायद्याचे, कारण असे लिव्हर रात्रभराचा साठा ठेवू शकत नाही.

यातूनच रोजाचा प्रश्न येतो. ऑपरेशनच्या तोंडावर, नंतरच्या महिन्यांत, आणि सिरोसिसमध्ये पोटात पाणी किंवा शुद्धीचा त्रास असेल तर, दिवसभर उपाशी राहणे धोक्याचे आहे. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिलेली आहे आणि कायमच्या आजाऱ्यासाठी फिदियाची सोय आहे. तरी अनेक बुजुर्ग ऐकत नाहीत. मुलांनी हुज्जत घालण्यापेक्षा डॉक्टरांचे लेखी मत घेऊन ते ज्यांना मानतात त्या मौलानांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. घरातल्या वादापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

काविळीची माळ, नाकात टाकायचे थेंब, डागणी, गावठी काढे, हे सगळे बंद. माळेने अपाय होत नाही, पण तिच्या भरवशावर गेलेला महिना परत येत नाही. काढे मात्र लिव्हर आणखी बिघडवू शकतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, आजारी लिव्हरवर प्रयोग नको. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही सिरोसिसमध्ये किडनी बसवतात.

ऑपरेशननंतर

सगळे सुरळीत झाले तर एक-दोन दिवस आयसीयू आणि एकूण आठ-दहा दिवस दवाखाना. त्रास होतो तो रक्तस्राव, पित्त गळणे, पोटात पाणी साठणे, छातीत कफ आणि लिव्हर मंदावणे यांचा. चांगल्या केंद्रांत या ऑपरेशनमुळे होणारे मृत्यू आता शंभरात मोजकेच आहेत. पण वृद्धांच्या बाबतीत "ऑपरेशन टेबलवर" किंवा "महिनाभरात" किती, एवढेच विचारून थांबू नका. ९० दिवसांत काय होते ते विचारा, कारण म्हाताऱ्या शरीराची घसरण उशिरा होते.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अब्बा भलतेच बोलू लागले, नळ्या ओढू लागले, तर घाबरू नका, पण लगेच सांगा. वृद्धांमध्ये हे वारंवार होते. त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र, दातांची कवळी जवळ ठेवा. ओळखीचा आवाज सतत असू द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा. पण लिव्हर मंदावल्यानेही शुद्ध हरपते, म्हणून "वयामुळे असेल" म्हणून गप्प बसू नये.

आणि एक कटू गोष्ट आधीच माहीत असावी. गाठ पूर्ण निघाली तरी पाच वर्षांत बऱ्याच जणांमध्ये, सुमारे ७० टक्क्यांपर्यंत, ती परत येते किंवा नवी तयार होते, कारण उरलेले लिव्हर तेच आजारी असते. म्हणून सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी. हिपॅटायटिस बी असेल तर गोळी आयुष्यभर, ऑपरेशन झाले म्हणून बंद करायची नाही. परत आलेली गाठ छोटी असताना सापडली तर तिच्यावरही उपाय असतात.

ऑपरेशन जमणार नसेल तर

"ऑपरेशन होणार नाही" म्हणजे "उपचार नाहीत" असे नव्हे. गाठ लहान, तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर सुई घालून ती आतच जाळतात. वृद्धांसाठी हा मार्ग पुष्कळदा ऑपरेशनच्या तोडीचा असतो आणि दोन दिवसांत घरी जाता येते. लहान गाठ असलेल्या प्रत्येक वृद्धाच्या घरच्यांनी "जाळून भागेल का?" हे आवर्जून विचारावे. गाठी जास्त असतील तर मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन गाठीला रक्त देणारी धमनी औषधासह बंद करतात, यालाच टेस म्हणतात. गाठ धमनीतून रक्त पिते हे वर सांगितले, त्याचाच हा उपयोग.

त्यापुढे गोळ्या आणि इंजेक्शने आहेत. सोराफेनिब या गोळीची गोष्ट आपल्या देशाची आहे. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारी ही गोळी ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिल्यावर हैदराबादची नॅटको कंपनी ८,८८० रुपयांना देऊ लागली. आज त्याहून परिणामकारक इम्युनोथेरपीही आहे, पण ती महाग आहे आणि फुगलेल्या शिरांमधून रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना जपून द्यावी लागते.

लिव्हर बदलण्याचा, म्हणजे प्रत्यारोपणाचा विचार साधारण पासष्ट-सत्तरीपर्यंत होतो, तोही गाठी मर्यादेत असतील तरच : एक गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीन गाठी तीन-तीन सेंटिमीटरपर्यंत. हा नियम १९९६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात ठरला. आपल्या शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख २०१२ मध्ये चेन्नईत लिव्हर आणि किडनी निकामी होऊन गेले तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. प्रत्यारोपणाची तयारी होती, पण ते होऊ शकले नाही. म्हाताऱ्या बापासाठी तरुण मुलगा लिव्हर द्यायला पुढे येतो, तेव्हा देणाऱ्याचाही जीव काही अंशी पणाला लागतो हे विसरू नये. अवयव देण्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिली आहे, काही उलमा अजूनही नको म्हणतात. आपल्या आलिमांना विचारून ठरवावे, आणि मुलावर किंवा सुनेवर दबाव आणू नये.

जायचे कुठे, पैसे कुठून

पहिली तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते. हिपॅटायटिस बी आणि सी साठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांमध्ये बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. लिव्हर कापण्याचे ऑपरेशन मात्र जिथे ते नेहमी होते तिथेच करावे. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथली १९८७ ची ग्रामीण कॅन्सर नोंदणी देशातली पहिली. मोठ्या, अवघड गाठींसाठी परळचे टाटा मेमोरियल, किंवा पुण्या-मुंबईची लिव्हर केंद्रे. कुठेही विचारा : "वर्षात अशी किती ऑपरेशने इथे होतात?" उत्तर देताना डॉक्टर चिडला, तर तेही एक उत्तरच समजावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला आधार पुरते. आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर ती आजच दुरुस्त करून घ्या, आपल्याकडच्या बुजुर्गांच्या कागदांवर "१ जानेवारी" आणि अंदाजे साल फार असते. रेशन कार्डावर रुग्णाचे नाव आहे का तेही पाहा. दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. राज्य योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

प्रवासाचेही पाहा. ७५ वर्षांवरील बुजुर्गांना एसटी पूर्ण मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट, सर्व महिलांनाही निम्मे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक फॉर्म भरून घ्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. दिवाळीनंतर जवान माणसे ऊसतोडीला जातात आणि घरी राहतात म्हातारे व नातवंडे. सोनोग्राफीचा कागद पेटीत पडून राहतो, मुले परत येईपर्यंत पाच महिने गेलेले असतात आणि तीन सेंटिमीटरची गाठ जाळण्याच्या पलीकडे गेलेली असते. सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या बुजुर्गाची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी हवी. एक पाडव्याच्या सुमारास, एक तोडीला निघण्यापूर्वी, असे धरले तरी चालेल. कागद गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाच्या मोबाईलवर ठेवा आणि फडावर पाठवा.

राहिला प्रश्न अब्बांना सांगायचे की नाही. ऑपरेशनच्या संमतीवर सही शुद्धीतल्या रुग्णाचीच हवी, मुलाची नव्हे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांनी आयुष्यभर घराचे निर्णय घेतले त्यांच्यापासून त्यांच्याच शरीराची गोष्ट लपवणे बरे नाही. त्यांना विचारा की त्यांना काय हवे आहे. कोणी म्हणेल, "करा ऑपरेशन, नातीचे लग्न पाहायचे आहे." कोणी म्हणेल, "मला घरीच राहू द्या." दुसरे उत्तर आले तर वेदना, पोटातले पाणी, खाज आणि झोप यांवर उपचार करणारी पॅलिएटिव्ह केअर सेवा मागून घ्या. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, मात्र आजारी लिव्हरमध्ये त्यांचा डोस कमी आणि अंतर जास्त ठेवावे लागते, आणि त्यासोबत पोट साफ ठेवणारे औषध रोज द्यावे लागते.